शास्त्र शिकावें कोणीं?

आमचे एक वाचक सुतारकी करून पोट भरणारे गृहस्थ आहेत. त्यांचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आलें. त्यांचा थोरला मुलगा बी. ए. झाला. तालुक्याच्या गांवीं लाकूडकामाच्या कारखान्यांत तो नोकरी करतो आणि रात्रीं घरीं बसून बायबलाचा अभ्यास करतो. कारखान्यांतल्या एका ख्रिस्ती सोबत्यानें त्यास सेमिनरीच्या अभ्यासक्रमाची माहिती दिली. मुलानें फी भरली, पुस्तकें आलीं, आणि आठवड्यांतून एकदां तो वर्गासही जाऊं लागला. गांवांत ही गोष्ट फुटली मात्र, गहजब उडाला! देवळाच्या पुजाऱ्यानें पारावर बसून सांगितलें कीं, पोरगा बाटला. भावकीनें तोंड फिरविलें. मुलाचें लग्न ठरलें आहे. मुलीकडील मंडळींनीं निरोप धाडला कीं, तीं पुस्तकें घराबाहेर काढा, नाहीं तर सोयरीक मोडली समजा. वडील लिहितात, "संपादक महाशय, पोरगा दारू पीत नाहीं, पत्ते कुटीत नाहीं, दिवा लावून वाचतो. त्याला दटावूं तें कशाबद्दल? आणि दटावलें नाहीं तर लोकांना काय सांगूं?"

हा प्रश्न एका सुताराच्या घरचा नव्हे. ज्या ज्या कष्टकरी घरांत पुस्तक शिरलें आहे त्या प्रत्येक घरचा तो आहे. म्हणून खासगी उत्तर न धाडतां आम्ही येथें जाहीरपणें लिहितों. मुद्दे तीन आहेत. सेमिनरींत शिकवितात तें काय? तें शिकल्यानें माणूस बाटतो काय? आणि तिसरा मुद्दा पत्रांत नाहीं, पण आम्हांस तोच सर्वांत मोठा वाटतो: आपल्या स्वतःच्या धर्माचें शास्त्र अशा रीतीनें शिकण्याची सोय सुताराच्या मुलास कोठें आहे?

आधीं सेमिनरी म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द लॅटिन भाषेंतला. त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका. भात लावणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलींत सांगावयाचें तर तरवा. रोपें एका ठिकाणीं जोपासावीं आणि मग शेतोशेतीं लावावीं, तसे धर्मसेवक एका ठिकाणीं शिकवून गांवोगांव धाडावे, हा त्यांतला हेतु. युरोपांतही एके काळीं धर्मशास्त्र कुलुपांत होतें. बायबल लॅटिनमध्यें, आणि नांगर धरणाऱ्यास लॅटिन येत नसे. खेड्यांतल्या कित्येक पाद्र्यांसही तें धड येत नसे. मार्टिन लूथरनें नवा करार जर्मन भाषेंत आणून १५२२ सालीं छापला. इंग्लंडच्या विल्यम टिंडेलनें तर बोलूनच दाखविलें होतें कीं, नांगऱ्या पोराला पाद्र्यापेक्षां अधिक शास्त्र कळेल असें मी करीन. १५३६ सालीं त्याचा गळा आवळून त्याचें प्रेत जाळण्यांत आलें. पण लोकांच्या भाषेंत उतरलेलें पुस्तक कांहीं जळलें नाहीं. पुढें रोमन कॅथॉलिक पंथाच्या ट्रेंट येथील परिषदेनें १५६३ सालीं ठराव केला कीं, प्रत्येक धर्मप्रांतांत सेमिनरी असावी आणि तींत विशेषेंकरून गरिबांचीं मुलें घ्यावींत. धर्मगुरूनें शिकलेंच पाहिजे, नुसता मान घेऊन चालणार नाहीं, ही गोष्ट त्यांनीं अशी नियमांत बसविली.

आपल्या देशांतली हकीकत तर कारागिरांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर म्हणून गांव आहे. तेथें १८१८ सालीं तिघां मिशनऱ्यांनीं एक कॉलेज काढलें. हे तिघे कोण होते? विल्यम केरी हा मोची. जोडे शिवतां शिवतां त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषांचा अभ्यास केला. जोशुआ मार्शमन हा विणकर. त्याचा बापही मागावर बसणारा. आणि विल्यम वॉर्ड हा छापखान्यांतला कामगार, एका सुताराचा मुलगा. मोची, विणकर आणि सुताराचा पोर! आपल्याकडे ह्या तिघांस वेदाचा उच्चार ऐकण्याचीही बंदी झाली असती. त्या तिघांनीं काढलेल्या कॉलेजास डेन्मार्कच्या राजानें १८२७ सालीं पदव्या देण्याची सनद दिली, कारण श्रीरामपूर तेव्हां डेन्मार्कच्या अमलाखालीं होतें. १८३३ सालच्या नियमांत तर स्पष्टच घातलें कीं, जात, रंग किंवा देश ह्यांपैकीं कशामुळेंही कोणास प्रवेश नाकारूं नये. पुढें १९१८ सालीं बंगालच्या कायदेमंडळानें कायदा करून श्रीरामपूरच्या सेनेटची घडी बसविली. आज देशांतल्या पुष्कळ सेमिनऱ्या ह्याच सेनेटशीं जोडलेल्या आहेत व तिच्या परीक्षा घेतात.

ह्या मोच्याचें मराठीवरही ऋण आहे. फोर्ट विल्यम कॉलेजांत तो बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर मराठीही शिकवीत असे. त्यानें वैजनाथ पंडितांच्या साह्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठीचा कोश छापला. पुढें बायबलाचें मराठी आपल्या पुण्याजवळ केडगांवीं एका बाईनें केलें. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, खेड्यांतल्या साध्या बायकांस समजावें अशा मराठींत सबंध बायबलाचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला आणि १९२४ सालीं तें पुस्तक प्रसिद्ध झालें. बाईनें मूळ धर्मग्रंथास हात लावावा, त्याचा अर्थ ठरवावा आणि तो बायकांच्याच हातांनीं छापून निघावा, हें ज्या समाजांत घडतें त्याच्याकडे डोळे उघडून पाहण्यांत कमीपणा कसला?

आतां अभ्यासक्रमांत असतें काय? जुना करार व नवा करार असे बायबलाचे दोन भाग. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलांत पहिल्याचीं ३९ व दुसऱ्याचीं २७ पुस्तकें आहेत. कॅथॉलिक मंडळी एकंदर ७३ मानतात. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत आहे. तिचीं अक्षरें २२, आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. नवा करार ग्रीक भाषेंत आहे. त्याशिवाय ख्रिस्ती मंडळीचा दोन हजार वर्षांचा इतिहास, धर्मतत्त्वांचा विचार, ज्यास ते ईश्वरविज्ञान म्हणतात, नीतिशास्त्र, इतर धर्मांचा परिचय, उपदेश कसा करावा, आजाऱ्यास व दुःखितास धीर कसा द्यावा, हे विषय असतात. पूर्ण वेळ राहून बी. डी.ची पदवी घ्यावयाची तर चार-पांच वर्षें लागतात. महाराष्ट्रांतही अशीं विद्यालयें आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ सालीं यवतमाळास निघाली आणि १९८३ सालीं पुण्यास गेली. कॅथॉलिकांची पेपल सेमिनरी १९५५ सालीं श्रीलंकेंतल्या कँडीहून पुण्यास आली.

पण विषयांच्या यादीहून शिकविण्याची रीत अधिक पाहण्यासारखी आहे. एक उदाहरण देतों. तें सुताराच्या मुलास आवडेल. मार्काच्या शुभवर्तमानांत गांवकरी येशूला हिणवून विचारतात कीं, हा तो कारागीरच ना? तेथें मूळ ग्रीक शब्द 'टेक्टोन' असा आहे. भाषांतरांत आपण सुतार वाचतों. पण विद्यार्थी कोश उघडतो तेव्हां त्यास कळतें कीं, हा शब्द लाकडाचें काम करणाऱ्यास तर लावीतच, पण घर बांधणाऱ्या गवंड्यासही लावीत. मग तो जुने लेखक पाहतो. दुसऱ्या शतकांतला जस्टिन लिहितो कीं, येशू नांगर आणि जूं तयार करीत असे. म्हणजे आमच्या बलुत्यांतला सुतार करतो तेंच काम! पौल हा मोठा धर्मप्रसारक तंबू शिवून पोट भरीत असे. आमोस हा संदेष्टा मेंढरें राखीत असे व उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करीत असे. खोटीं मापें व खोटे तराजू वापरून गरिबांस लुटणाऱ्यांवर त्यानें कोरडे ओढले आहेत. बाजारांत काटा मारणारा अडत्या ज्यानें पाहिला आहे, त्यास आमोस समजावयाला टीकाकार लागत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चांगल्या सेमिनरींत विद्यार्थ्यास नुसतें घोकावयास लावीत नाहींत. उत्पत्तीच्या पुस्तकांत सृष्टि कशी झाली ह्याचीं दोन वर्णनें लागोपाठ आहेत आणि तीं एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत, हें तेथें उघड सांगतात व दोन्ही ताडून पाहावयास लावतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या अत्यंत जुन्या हस्तलिखितांत नाहींत, हेंही लपवीत नाहींत. छापील बायबलांतही तशी टीप सांपडते. १९४७ सालीं मृत समुद्राच्या कांठीं कुमरान येथें एका धनगर पोरास गुहेंत कातड्याच्या गुंडाळ्या सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. त्या प्रथम बेथलेहेमांतल्या एका चांभारकाम करणाऱ्या दुकानदाराकडे गेल्या. त्यांत यशयाचें सबंध पुस्तक निघालें, तें तोंवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारें हजार वर्षें जुनें! पंडितांनीं तें जुन्या प्रतींशीं अक्षरशः ताडून पाहिलें. जेथें जुळलें तेथें जुळलें म्हणाले, जेथें फरक आढळला तेथें फरक लिहून ठेवला. ग्रंथ पवित्र आहे, म्हणून त्यास प्रश्न विचारूं नका, असें कोणी म्हटलें नाहीं. आम्ही आयुष्यभर खेड्यांतल्या शाळेंत मुलांस शिकविलें. पाठ म्हणून दाखविणारें मूल आणि "गुरुजी, हें कशावरून?" असें विचारणारें मूल, ह्यांतलें शिकलेलें कोणतें, तें आम्हांस चांगलें कळतें.

तिसरें उदाहरण शेतकऱ्यासाठीं. जुन्या करारांत अनुवाद नांवाचें पुस्तक आहे. त्याच्या सव्विसाव्या अध्यायांत असा विधि सांगितला आहे: शेतकऱ्यानें पहिलें पीक टोपलींत घालून वेदीपाशीं न्यावें, आणि तेथें स्वतःच्या तोंडानें आपल्या पूर्वजांची कथा म्हणावी, आमचा मूळपुरुष भटका होता, आम्ही परक्या देशांत गुलाम झालों, आम्हांस छळिलें, आणि देवानें आमची हांक ऐकून आम्हांस सोडविलें. टोपली याजक घेतो खरी, पण ही कथा म्हणावयाची ती शेतकऱ्यानें. मंत्र त्याच्या मुखांत आणि इतिहासही त्याचाच. आमच्याकडे शेतकरी धान्य देतो, दक्षिणा देतो, आणि आपल्याच घरच्या विधीच्या वेळीं काय बोललें जात आहे हें न समजतां हात जोडून बसतो. हा फरक कोणास झोंबत असेल तर आमचा इलाज नाहीं.

कोणी म्हणेल, चार-पांच वर्षें शेत आणि माग सोडून शिकावयास जाणार कोण? हीच अडचण मध्य अमेरिकेंतल्या ग्वाटेमाला देशांत आली. तेथील प्रेस्बिटेरियन पंथाची सेमिनरी राजधानींत होती. खेड्यांतले खरे पुढारी बायकापोरें व शेती टाकून तेथें जाऊं शकत नसत. आणि जे तरुण जात त्यांतले बरेच परत खेड्याकडे फिरकत नसत. हें गाऱ्हाणें आम्हांस नवें नाहीं! तेव्हां ती सेमिनरी खेडवळ भागांत नेली, आणि १९६३ सालीं तिच्या शिक्षकांनीं उलटी रीत धरली. विद्यार्थी शाळेकडे येत नाहीं तर शाळा विद्यार्थ्याकडे जावी. घरीं वाचण्याजोगे धडे लिहून द्यावे. आठवड्यांतून एकदां शिक्षकानें जवळच्या गांवीं यावें. सर्वांनीं मिळून चर्चा करावी. ही रीत पुढें अनेक देशांत गेली. आपल्याकडे १९७१ सालीं बंगलोरास 'टॅफ्टी' ह्या नांवाची संस्था ह्याच कामासाठीं निघाली, आणि तिचे कांहीं धडे भारतीय भाषांतूनही निघतात. श्रीरामपूरच्या सेनेटनेंही घरीं राहून शिकणाऱ्यांसाठीं ख्रिस्ती अभ्यासाची पदविका व पदवी ठेवली आहे. आमच्या पत्रलेखकांचा मुलगा ज्या रीतीनें शिकतो तिचें मूळ असें एका गरीब शेतकरी देशांत आहे.

असो. गुण सांगितले, आतां सावधगिरीचे दोन शब्द. सेमिनरी ही मुळांत ख्रिस्ती मंडळीचे सेवक तयार करण्याची जागा आहे. कांहीं ठिकाणीं प्रवेशासाठीं पाद्र्याचें शिफारसपत्र मागतात, कांहीं ठिकाणीं श्रद्धेचें प्रतिज्ञापत्र. ज्यावर आपली श्रद्धा नाहीं त्याखालीं केवळ पुस्तकांच्या लोभानें सही करूं नये; ती त्यांची आणि आपली, दोघांचीही फसवणूक होईल. नियम आधीं लेखी मागून घ्यावे, आणि अभ्यासासाठीं येतों असें मोकळेपणीं सांगावें. दुसरें असें कीं, पदवीच्या नांवाखालीं कागद विकणारीं दुकानें धर्माच्या बाजारांतही असतात. संस्था कोणत्या सेनेटशीं किंवा विद्यापीठाशीं जोडलेली आहे, परीक्षा कोण घेतें, फी किती आणि कशाची, हें विचारल्यावांचून पैसा देऊं नये. आणि ही पदवी सरकारी नोकरीस चालेल अशा भरंवशावर तर कोणीं राहूंच नये.

आतां बाटण्याचा प्रश्न. वाचल्यानें माणूस बाटतो, ही कल्पना कोणाच्या सोयीची आहे, तें आधीं पाहावें. ज्याच्या हातांत पुस्तक एकटें असतें त्याच्या सोयीची. धर्म बदलावा कीं बदलूं नये, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे; राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें ती मोकळीक प्रत्येकास दिली आहे. पण अभ्यास करणें आणि धर्म बदलणें ह्या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. जातीचा दाखला पुस्तक वाचल्यानें रद्द होत नाहीं. अनुसूचित जातींतल्या माणसानें धर्मांतर केलें तर मात्र कायदा निराळा लागतो. १९५० च्या आदेशांत त्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या लागू केल्या, ख्रिस्त्यांस दिल्या नाहींत. हें योग्य कीं अयोग्य, हा वाद निराळा. पण जो पाऊल टाकील त्यानें हें ठाऊक असून टाकावें.

आमच्या चळवळीच्या आद्य पुरुषानें हा प्रश्न केव्हांच सोडवून ठेवला आहे. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. बायबल व मिशनरी ह्यांचा त्यांना चांगला परिचय होता. ते ख्रिस्ती झाले नाहींत. उलट १८७३ सालीं त्यांनीं सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या मागें १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकांत त्यांनीं एका कुटुंबाचें चित्र काढलें आहे. त्यांत बायकोनें बौद्ध धर्मग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सत्यधर्म पत्करावा, आणि तरीही सर्वांनीं एका घरांत प्रेमानें नांदावें, असें ते सांगतात. येथें एका पोरानें नुसतें पुस्तक उघडलें तर आमची भावकी तोंड फिरविते!

ख्रिस्ती समाज निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. जातीनें तेथेंही पाठ सोडलेली नाहीं. दलित ख्रिस्त्यांसाठीं निराळी बसण्याची जागा, निराळें कबरस्तान, असले प्रकार ह्या देशांतल्या कित्येक मंडळ्यांत घडले आहेत. परंतु त्याच सेमिनऱ्यांतून त्याविरुद्ध आवाजही उठला. महाराष्ट्रांतल्या दलित ख्रिस्ती घराण्यांतले अरविंद निर्मल ह्यांनीं १९८१ सालीं बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजांत शूद्रांच्या ईश्वरविज्ञानावर भाषण केलें. त्यांतून पुढें दलित ईश्वरविज्ञान म्हणून विचाराची सबंध शाखा वाढली. वर सांगितलेली पहिल्या पिकाच्या टोपलीची कथा त्यांनीं हातीं घेतली आणि म्हटलें कीं, आम्हांसही आमच्या पूर्वजांच्या गुलामगिरीची व सुटकेची कथा आमच्याच तोंडानें सांगतां आली पाहिजे. शास्त्र शिकलेला माणूस शास्त्राच्या रक्षकांस जाब विचारूं शकतो, तो असा. न शिकलेला फक्त कुरकुरतो.

आतां आमच्या स्वतःच्या घराकडे वळूं. वेदोक्ताच्या प्रकरणीं प्रत्यक्ष छत्रपतींस शूद्र ठरविण्याची हिंमत भिक्षुकांनीं केली, कारण पुस्तक त्यांच्या हातीं होतें. शाहू महाराजांनीं नुसता संताप केला नाहीं. १९२० सालीं कोल्हापुरास श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढून मराठा मुलांस पौरोहित्य शिकविण्याची सोय केली. ती आमची सेमिनरी होती! बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३६ सालीं लाहोरच्या परिषदेसाठीं लिहिलेलें, पण बोलूं न दिलेलें भाषण छापलें. त्यांत त्यांनीं मागितलें कीं, पुजारीपण जन्मावर न ठेवतां परीक्षेवर ठेवा, परीक्षा सर्वांस खुली ठेवा, आणि सरकारी सनद असल्यावांचून कोणास पौरोहित्य करूं देऊं नका. डॉक्टरास परीक्षा, वकिलास परीक्षा, शाळामास्तरासही परीक्षा. मग देवाच्या दारीं उभा राहणारा तेवढा बापाच्या नांवावर कां पास व्हावा?

ह्या दिशेनें कांहीं पावलें पडलीं आहेत, हें नाकारूं नये. पंढरपुरास बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्यानें काढले. खटला चाळीस वर्षें चालला आणि जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. त्याच वर्षीं मंदिर समितीनें पूजेच्या कामासाठीं सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. केरळांत त्रावणकोर देवस्थान मंडळासाठीं २०१७ सालीं ३६ ब्राह्मणेतर पुजारी निवडले, त्यांत ६ दलित होते. तामिळनाडूंत २००६ सालच्या निर्णयानंतर सर्व जातींसाठीं अर्चकांच्या शाळा निघाल्या. शिकून तयार झालेल्यांस नेमणुकीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली आणि ऑगस्ट २०२१ मध्यें त्यांतल्या २४ जणांस जागा मिळाल्या. दार किलकिलें झालें, पण सताड उघडलें नाहीं.

आमची ब्राह्मण माणसाशीं तक्रार नाहीं. जन्माच्या मक्त्याशीं आहे. आणि तो मक्ता शिव्या देऊन मोडत नाहीं, अभ्यासानें मोडतो. म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गांवांत पांच-सात माणसांनीं आठवड्यांतून एक रात्र ठरवावी. तुकोबांची गाथा घ्या, ज्ञानेश्वरी घ्या, धम्मपद घ्या, जोतीरावांचें पुस्तक घ्या. आणि सेमिनरीचा विद्यार्थी बायबल वाचतो त्या रीतीनें तीं वाचा. शब्दाचा अर्थ कोशांत पाहा. दोन प्रती असतील तर ताडून बघा. हें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कोणासाठीं लिहिलें, हें विचारा. शेवटीं हेंही विचारा कीं, यांत नांगर धरणाऱ्याची व घाव घालणाऱ्याची बाजू कोठें आहे. बायकांस दाराआड बसवूं नका. त्यांस पहिलें वाचावयास द्या. मग पुढच्या लग्नांत काय बोललें जातें आहे, हें तुमचें तुम्हांस कळेल.

आमच्या सुतार-बंधूंस शेवटचें सांगणें असें: मुलास दटावूं नका. त्याच्याजवळ बसा आणि त्यानें काय वाचलें तें त्याच्याकडून ऐका. टेक्टोनची गोष्ट आधीं विचारा. धर्माविषयीं पुढें त्यास जें वाटेल तें त्यानें तुमच्यापासून लपवूं नये, एवढा शब्द त्याच्याकडून घ्या, आणि तुम्हीही तो ऐकण्याची तयारी ठेवा. लोकांस सांगा कीं, माझा पोरगा शिकतो, चोरी करीत नाहीं. व्याह्यांकडे स्वतः जा, रागावूं नका, तींच पुस्तकें बरोबर न्या आणि त्यांच्या ओट्यावर उघडून ठेवा. झांकलेल्या पुस्तकाचें भय फार वाटतें, उघड्याचें तेवढें वाटत नाहीं. आणि एक गोष्ट विसरूं नका. सोयरीक मोडावी कीं ठेवावी, हें दोन्ही बापांनीं, भावकीनें आणि पुजाऱ्यानें ठरविण्याचा घाट घातला आहे. पण ज्या मुलीनें ह्या मुलाबरोबर संसार करावयाचा, तिला कोणीं विचारलें आहे काय? तिलाही तें पुस्तक वाचावयास द्या, आणि मग तिचें म्हणणें ऐका.